फॅरनहाइट ९/११ : 'प्रचारपट आहे हो, सोडा' म्हणणाऱ्यांसाठी

बिनपगारी

बुश सरकार आणि इराक युद्धावरच्या मायकल मूरच्या 'फॅरनहाइट ९/११' या २००४ च्या डॉक्युमेंटरीचं नाव काढलं की समोरून ठरलेलं उत्तर येतं, अहो तो एकतर्फी आहे, प्रचारपट आहे, सोडा. विषय संपला. वीस वर्षं झाली हेच ऐकतोय. परवा परत बघितला. माझं म्हणणं असं की एकतर्फी आहेच, शंभर टक्के आहे, पण त्यातली मुख्य तक्रार, म्हणजे इराक युद्धासाठी सांगितलेलं कारण खोटं होतं, आजपर्यंत कुणी खोडून काढलेली नाही, आणि युद्ध चालू असताना सरकारला जाब विचारणाऱ्या सिनेमाकडे 'दोन्ही बाजू मांडा' म्हणून तगादा लावणं हेच मुळात विचित्र आहे. दुसरी बाजू मांडायला व्हाइट हाउसकडे रोजची प्रेस कॉन्फरन्स होती की.

तो काळ आठवा जरा. ५ फेब्रुवारी २००३ ला परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल युनोत जाऊन सद्दामकडे काय काय शस्त्रं आहेत ते नकाशे न् फोटो दाखवून सांगतात, मार्चमध्ये युद्ध सुरू, अमेरिकन चॅनेलांवर कोपऱ्यात फडफडता झेंडा आणि पत्रकार लष्कराच्याच गाड्यांतून फिरतायत. २३ मार्चला ऑस्कर घेताना हाच मूर स्टेजवरून बुशना 'लाज वाटू द्या' म्हणाला तर त्या हॉलीवूडवाल्यांनीच (ज्यांना सगळे डावे डावे म्हणतात) त्याची हुर्यो उडवली. न्यूयॉर्क टाइम्सने शस्त्रांच्या बातम्या आम्ही नीट तपासल्या नाहीत अशी कबुली छापली ती २६ मे २००४ ला, म्हणजे युद्ध सुरू होऊन वर्ष उलटून गेल्यावर, आणि मूरच्या सिनेमाला फ्रान्समधल्या कान महोत्सवात पाम दोर हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला त्याच्या चार दिवस नंतर. शस्त्रसाठे नव्हतेच हा अमेरिकेच्या स्वतःच्याच तपास पथकाचा अहवाल आला ऑक्टोबर २००४ ला. म्हणजे ज्याला प्रचार म्हणायचं तो माणूस मूळ मुद्द्यावर बरोबर आणि ज्यांना बातम्या म्हणायचं ते चुकीचे, हा हिशेब कधी मांडणार आहोत की नाही?

पावसाळी_बेडूक

+१

कॉलेजात असताना पायरेटेड सीडीवर बघितलेला, दुसरी सीडी सारखी अडकायची. गोल्फचा सीन डोक्यातून जात नाही. बुश गंभीर चेहऱ्याने जगातल्या सगळ्या देशांना अतिरेक्यांना रोखण्याचं आवाहन करतात आणि पुढच्या सेकंदाला पत्रकारांना म्हणतात आता माझा हा फटका बघा. त्यावर कॉमेंट्रीची पण गरज नाही.

तिरकस

धागाकर्ते, तुम्ही सोयीचा भाग घेतलात, आता गैरसोयीचा मी मांडतो.

१. 'ही श्रीमंतांची आणि अतिश्रीमंतांची गर्दी, तुम्हीच माझा आधार' असं बुश म्हणतात तो शॉट. सगळ्यांच्या लक्षात राहतो. ते भाषण २००० सालच्या अल स्मिथ डिनरमधलं आहे. तो न्यूयॉर्कमधला धर्मादाय कार्यक्रम, दोन्ही उमेदवार येतात आणि स्वतःचीच टिंगल करतात, तीच प्रथा आहे, त्या रात्री बुशचे प्रतिस्पर्धी अल गोर पण तिथेच होते. मूर हे सांगत नाही. हे म्हणजे शिमग्याला दिलेली शिवी कोर्टात पुरावा म्हणून दाखल करण्यासारखं झालं.

२. खासदारांना रस्त्यात गाठून तुमची पोरं इराकला पाठवा म्हणून पत्रकं वाटतो तो सीन. त्यात मिनेसोटाचे मार्क केनेडी दिसतात, नुसते गोंधळलेले. प्रत्यक्षात ते म्हणाले होते की मी वाटायला मदत करतो आणि माझ्या घरातला एक पोरगा अफगाणिस्तानला निघालाय. हे वाक्य कापलं.

३. बिन लादेन कुटुंबाची आणि सौदींची विमानं. ९/११ आयोगाने स्पष्ट लिहिलंय की हवाई हद्द खुली होण्याआधी ती उडाली नाहीत, आणि परवानगी मी दिली असं व्हाइट हाउसचे तेव्हाचे दहशतवादविरोधी प्रमुख रिचर्ड क्लार्क यांनी स्वतः सांगितलं, जे क्लार्क सिनेमात बुशविरोधी साक्षीदार म्हणून वापरलेत!

४. बॉम्ब पडण्याआधीचा बगदाद. पोरं पतंग उडवतायत, लग्न चाललंय, बायका हसतायत. सद्दामचा इराक म्हणजे काय नंदनवन होतं का? एक शब्द नाही त्याच्याबद्दल.

पत्रकार ख्रिस्तोफर हिचन्ससारख्या माणसाने सिनेमा आला त्याच महिन्यात सोलून काढला होता. ते काय सगळे बुशचे नोकर होते का?

बिनपगारी

तिरकसराव, मुद्दे नेमके आहेत, मजा आली. पहिल्या दोन्हीवर वाद घालत नाही, केनेडींचं वाक्य कापणं चूकच, आणि तेही विनाकारण, कारण मूळ आकडा त्याच्या बाजूचा होता. अमेरिकन संसदेच्या (काँग्रेसच्या) ५३५ सभासदांपैकी फक्त एकाचा मुलगा शिपाई म्हणून इराकमध्ये होता, साउथ डकोटाचे सिनेटर टिम जॉन्सन. एवढा आकडा हातात असताना असली कात्री कशाला लावायची.

तिसऱ्याबाबत : सिनेमातलं वाक्य नीट ऐका, विमानं १३ सप्टेंबरनंतर गेली असंच तो म्हणतो. शब्द बरोबर, पण बघणाऱ्याच्या मनात संशय सोडून पुढे जायचं ही त्याची खोड आहे. सौदी, कार्लाईल ग्रुप ही गुंतवणूक कंपनी, बुश घराणं हा सगळा पहिला तास मला सिनेमाचा कच्चा भाग वाटतो. अमक्याचे तमक्याशी धंद्याचे संबंध होते, बरं मग? त्यातून युद्ध कसं निघालं हे तो कुठेच जोडून दाखवत नाही.

पण तुमच्या यादीत एक गोष्ट नाही बघा. सिनेमाचा दुसरा अर्धा भाग. फ्लिंट. त्यावर एकही आक्षेप नाही.

मिशिगनकर

फ्लिंटचं नाव आलं म्हणून लिहितोय, एरवी मी वाचनमात्र. गेली बरीच वर्षं डेट्रॉइटजवळ ऑटो इंडस्ट्रीत आहे, आय-७५ ने उत्तरेला तासभर गेलं की फ्लिंट. जनरल मोटर्स १९०८ साली जन्माला आली ती तिथे. एके काळी त्या एका गावात जीएमच्या नोकऱ्या ऐंशी हजाराच्या घरात होत्या, नंतर कारखाने बंद होत गेले आणि घरंच्या घरं रिकामी. मूर त्याच भागातला, त्याचा १९८९ चा पहिला सिनेमा पण याच विषयावर.

आता तो मॉलचा सीन. मरीन या अमेरिकन सैन्यदलाचे दोन भरतीवाले, कडक इस्त्रीचा युनिफॉर्म, कार्डं घेऊन पार्किंग लॉटमध्ये फिरतायत. ते उपनगरातल्या श्रीमंत मॉलमध्ये जात नाहीत, गरीब वस्तीच्या मॉलला जातात, आणि हे ते कॅमेऱ्यासमोरच करतायत. एका पोराला संगीतात जायचंय, तर लगेच त्याला सांगतात की तो गायक शॅगी माहितीये ना, तो पण मरीन होता (ते खरं आहे). एकाला बास्केटबॉल, तर त्याला म्हणे मरीनची टीम आहे. नाही म्हणणाऱ्याचं पण नाव, फोन, पत्ता लिहून घेतात. मी त्या भागात राहतो म्हणून सांगतो, ह्यात मूरने काही रचलेलं नाही, असंच चालतं. दोन्ही मॉलमध्ये पाच मिनिटं उभं राहिलं तरी फरक कळतो, गाड्यांवरूनच कळतो.

आणि फ्लिंटची पोरं त्यांच्याकडे का जातात हे पण तिथेच दिसतं, एक पोरगा टीव्हीवर इराकमधल्या पडक्या इमारती बघून म्हणतो की आमच्या गल्लीत पण असंच दिसतं, आणि तिथे तर युद्ध पण झालेलं नाही. ह्याला कुठली कात्री लावणार?

सातारचा_सदा

मला एक खटकतंय. गरिबीमुळे पोरं सैन्यात जातात हे म्हणणं म्हणजे सैनिकाचा अपमान आहे. आमच्या सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी गाव आहे, पिढ्यानपिढ्या प्रत्येक घरातून माणूस सैन्यात. माझे चुलते मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर झाले, त्यांना कुणी मॉलमध्ये गाठलं नव्हतं. हे एसीत बसलेले सिनेमावाले सैनिकाला बिचारा करून टाकतात. युद्ध चालू असताना सीमेवरच्या माणसाचं मनोधैर्य खच्ची करायचं आणि बक्षिसं घ्यायची फ्रान्समध्ये.

मिशिगनकर

सदाभाऊ, सिनेमा बघितलाय का पूर्ण? सैनिकाला कमी लेखणारी त्यात एक ओळ नाही. शेवटी मूर उलट म्हणतो की ज्यांना सगळ्यात कमी मिळालं तेच देशासाठी सगळ्यात आधी उभे राहतात, आणि ते आपल्याकडून बदल्यात एवढंच मागतात की अगदी गरज असल्याशिवाय आम्हाला मरायला पाठवू नका. तुमचे चुलते ह्याला नाही म्हणतील असं मला वाटत नाही. तुम्ही विचारून बघा त्यांना.

सातारचा_सदा

चुलत्यांना कशाला मध्ये आणता. पण वाक्य चांगलं आहे, ते मान्य.

रेवा_प

सदादादा, मनोधैर्याचं म्हणाल तर त्या वर्षीची एक गोष्ट सांगते. इराकहून येणाऱ्या शवपेट्यांचे फोटो घ्यायला पेंटॅगॉनची बंदी होती, १९९१ पासूनचा नियम, त्या पेट्या जिथे उतरायच्या त्या डोव्हरच्या लष्करी विमानतळावर कॅमेरा चालत नव्हता, तो २००९ मध्ये सैल झाला. आणि मार्च २००४ मध्ये पत्रकारांच्या डिनरला बुशनी स्लाइड शो केला, त्यात ते ऑफिसमध्ये टेबलाखाली वाकून बघतायत आणि म्हणतायत की ती शस्त्रं इथेच कुठेतरी असणार. लोक हसले! पेट्या दाखवायच्या नाहीत आणि त्या पेट्या ज्यामुळे आल्या त्यावर विनोद करायचा, मनोधैर्य ह्याने खच्ची होत नाही का?

म्हणून मला त्या फ्लिंटच्या आईचा भाग सिनेमाचा कणा वाटतो. ती काही मूरच्या बाजूची बाई नाही. पहिल्यांदा दिसते तेव्हा दारात झेंडा लावणारी, युद्धविरोधी मोर्चेवाल्यांचा राग करणारी, घरात कितीतरी जण सैन्यात. पहिल्या आखाती युद्धात मुलगी होती आणि आता मुलगा. एप्रिल २००३ मध्ये मुलाचं हेलिकॉप्टर पडतं. मग ती मुलाचं शेवटचं पत्र घरच्यांना वाचून दाखवते, ज्यात त्यानेच लिहिलंय की आपल्याला इथे कशासाठी आणलंय. नंतर ती व्हाइट हाउससमोर जाते तर एक अनोळखी बाई येऊन ओरडते की हे सगळं नाटक आहे. ही आई तिला सांगते की माझा मुलगा नाटक नाही. मी थिएटरमध्ये बघितला तेव्हा शेजारची अमेरिकन आजी हुंदके देत होती आणि ती बुशला मत देणारी होती, बाहेर आल्यावर तिने स्वतःच सांगितलं.

अजून एक. विमानं टॉवरवर आदळतात तो प्रसंग मूर दाखवतच नाही. पडदा काळा, नुसते आवाज, मग वर बघणाऱ्या लोकांचे चेहरे. ज्या दृश्यांचा सगळ्या चॅनेलांनी रवंथ केला ती ह्या 'सवंग' माणसाने टाळली.

तिरकस

रेवाताई, तो काळा पडदा उत्तम आहे, मी पण मानतो. पण आईच्या अश्रूंनी युद्धाचा निर्णय चूक की बरोबर हे ठरत नाही. दुसऱ्या महायुद्धात पण आया रडल्या. कॅमेरा रडणाऱ्या आईवर धरला की समोरच्याचं तोंड बंद होतं, म्हणूनच मला ते प्रचाराचं तंत्र वाटतं.

रेवा_प

बरोबर, अश्रूंनी ठरत नाही. पण ती नुसती रडत नाहीये, ती प्रश्न विचारतेय आणि तो प्रश्न तिचा हक्काचा आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या आईला 'कशासाठी' ह्याचं उत्तर होतं. हिला काय होतं? तेव्हा सांगितलेलं कारण दीड वर्षात खोटं निघालं.

कोर्टकचेरी

कायद्याच्या अंगाने थोडं, कारण खरी गंमत तिथे आहे आणि ती फारशी कुणाला ठाऊक नसते.

हा सिनेमा दाबायचे प्रयत्न बरेच झाले. आधी डिस्नेने आपल्याच मिरामॅक्स या कंपनीला तो वितरित करू दिला नाही, मग मिरामॅक्स चालवणाऱ्या वाइनस्टीन बंधूंनी हक्क विकत घेतले आणि लायन्सगेट वगैरेंनी २५ जून २००४ ला काढला. थिएटरवाल्यांना लावू नका म्हणून पत्रं गेली. वर 'आर' सर्टिफिकेट, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांना मोठ्यांशिवाय बंदी, पण सतराव्या वर्षी पालकांच्या सहीने भरती होता येतं आणि शाळांनी मुलांचे फोन नंबर भरतीवाल्यांना द्यायचे हा तर २००२ पासून कायदाच. म्हणजे जिथे पाठवणार तिथलं पडद्यावर बघायला वय कमी पडतं! एवढं होऊन फक्त ८६८ थिएटरांत लागला आणि पहिल्या तीन दिवसांत जवळपास २.४ कोटी डॉलर, त्या आठवड्यात पहिला नंबर, डॉक्युमेंटरीला हे आधी कधीच जमलं नव्हतं. अमेरिकेत एकूण ११.९ कोटी.

आता मुद्दा. सिटिझन्स युनायटेड नावाच्या उजव्या संघटनेने निवडणूक आयोगाकडे तक्रार केली की सिनेमाच्या जाहिराती म्हणजे बुशविरोधी निवडणूक प्रचार आहे, कंपन्यांच्या पैशाने निवडणुकीच्या तोंडावर असं करता येत नाही, बंद करा. आयोगाने तक्रार फेटाळली. मग ते म्हणाले बरं, आम्ही पण सिनेमे काढतो. २००८ मध्ये त्यांनी हिलरी क्लिंटनवर काढला, तेव्हा तोच कायदा त्यांच्या आड आला, ते सुप्रीम कोर्टात गेले आणि जानेवारी २०१० मध्ये ५ विरुद्ध ४ असा निकाल त्यांच्या बाजूने लागला. तोच तो प्रसिद्ध निकाल, ज्याने अमेरिकेच्या निवडणुकांत कंपन्यांच्या पैशाचे दरवाजे उघडले. ज्यांनी मूरचं तोंड बंद करायला कायदा पुढे केला त्यांनीच सहा वर्षांनी तो कायदा मोडून काढला, आणि तेही अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाने.

पावसाळी_बेडूक

च्यायला, हे माहितीच नव्हतं. ह्याच्यावर वेगळा धागा काढा साहेब.

सातारचा_सदा

अमेरिकेत चालतं हो, आपल्याकडे असा सिनेमा कुणी काढून दाखवावा.

कोर्टकचेरी

काढलाय की. आनंद पटवर्धनांचा 'जंग और अमन', २००२. पोखरणच्या अणुचाचण्या, समोरून पाकिस्तानच्या, मग हिरोशिमा, आणि चाचण्यांच्या शेजारचं खेतोलाई गाव, तिथले लोक काय भोगतायत ते. मुंबईच्याच आंतरराष्ट्रीय महोत्सवात गाजला आणि सेन्सॉरने कात्री काढली. कोर्टात गेले, २००३ मध्ये मुंबई हायकोर्टाने एकही कट न देता दाखवायची परवानगी दिली. म्हणजे आपल्याकडे पण चालतं, फक्त वकील लागतो. (कृ. ह. घ्या.)

तिरकस

ठीक आहे, दाखवायचा हक्क कुणी नाकारत नाहीये. मी म्हणतोय की सिनेमा म्हणून आणि पुरावा म्हणून तो किती टिकतो. आणि शेवटी साधलं काय? नोव्हेंबरमध्ये बुश २८६ विरुद्ध २५१ इलेक्टोरल मतांनी परत निवडून आले. डेमोक्रॅटांसाठी काढलेला प्रचार डेमोक्रॅटांच्याच कामाला आला नाही.

बिनपगारी

डेमोक्रॅटांसाठी? सिनेमा सुरूच कुठून होतो बघा. जानेवारी २००१, संसदेचं संयुक्त सत्र, २००० च्या निवडणुकीतल्या फ्लोरिडाच्या वादग्रस्त मतांवर कृष्णवर्णीय खासदार एकामागून एक उभे राहतायत, आक्षेप नोंदवायला तेव्हा एका सिनेटरची सही लागायची, फक्त एका, आणि शंभरातला एकही देत नाही, डेमोक्रॅट पण नाही. आणि त्यांना खाली बसवायचं काम करतायत सत्राच्या अध्यक्षस्थानी बसलेले, निवडणूक हरलेले अल गोर स्वतः. पुढे ९/११ नंतर आलेला पाळतीचा पेट्रियट कायदा. मूर विचारतो की न वाचता पास केलात? तर डेमोक्रॅट जॉन कॉन्यर्स त्याला प्रेमाने समजावतात की बाळा, आम्ही बहुतेक बिलं वाचतच नाही. म्हणून मग तो आइस्क्रीमची गाडी घेऊन संसदेभोवती भोंग्यावर कायदा वाचत फिरतो. इराकसाठी २००२ मध्ये बुशविरुद्ध २००४ ला उभे राहिलेले डेमोक्रॅट जॉन केरी यांनी पण होकाराचंच मत दिलं होतं. हा जर पक्षाचा प्रचार असेल तर पक्षाने पैसे परत मागायला हवे होते.

डेमोक्रॅट निवडणूक हरले हे खरं. मूरला बुशना हरवायचंच होतं, लपवलेलं नाही त्याने. मतदानाआधी टीव्हीवर दाखवता यावा म्हणून त्याने डॉक्युमेंटरीच्या ऑस्करला सिनेमा पाठवला नाही, नियमात दोन्ही बसत नव्हतं, आणि शेवटी टीव्हीवर पण आला नाही आणि ऑस्करचं एक नॉमिनेशन पण नाही. धंद्याच्या भाषेत आतबट्ट्याचा व्यवहार. पण बुश जिंकले म्हणून शस्त्रं सापडली असं तर झालं नाही ना?

तिरकस

हे सगळं झालं, पण पतंगाचं उत्तर अजून आलेलं नाही.

बिनपगारी

पतंगाचं उत्तर नाही माझ्याकडे, तो सीन मलाही पटत नाही. बॉम्ब पडले ते अशाच घरांवर पडले हे त्याला म्हणायचंय, ते खरं आहे, पण सद्दामबद्दल एक वाक्य नाही हे लपवणंच झालं. आणि धंदा म्हणून पण वेडेपणा, कारण हलब्जा दाखवलं असतं, १९८८ साली स्वतःच्याच देशातल्या कुर्दांवर विषारी वायू सोडला ते, तर त्याला जोडूनच डिसेंबर १९८३ चं बगदाद दाखवता आलं असतं, रेगनचे दूत म्हणून गेलेले, पुढे बुशचे संरक्षणमंत्री झालेले डोनाल्ड रम्सफेल्ड सद्दामशी हात मिळवतायत. कॅमेऱ्यावर आहे ते. विषारी वायूचा वापर तेव्हा इराणविरुद्ध सुरू झालेलाच होता आणि वॉशिंग्टनला माहिती होता.

तिरकस

हे असतं तर मी पण गप्प बसलो असतो. निदान दहा मिनिटं.

रेवा_प

दहा मिनिटं तिरकस गप्प, ह्यासाठी तरी मूरने पुन्हा एडिटिंगला बसावं :)

कोर्टकचेरी साहेब, 'जंग और अमन'चा धागा तुम्हीच काढा, सेन्सॉरने नेमकं काय काय कापायला सांगितलं होतं ते सविस्तर लिहा.